बांगडीएवढी जागा

आक्का, परवा तुझा भाऊ सुनीला न्यायला आला होता.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि परवा सकाळी तो साताऱ्याहून भाड्याची गाडी घेऊन थेट कार्यशाळेच्या दारात. माणूस वाईट नाही, तुला ठाऊकच आहे. चपला बाहेर काढून आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुण्याकडं एक आश्रम हाय, वळकीनं जागा मिळतीय. तिची कापडं भरा." सुनी समोरच हळदीची पाकिटं लावत बसली होती. मामाला बघून हसली आणि एक पाकीट त्याच्या हातात ठेवलं. मी नुसती उभी राहिले. अकरा वर्षं सुनीबद्दल पानंच्या पानं लिहिलेली बाई मी, आणि त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटला नाही.

हे तू वाचणार नाहीस. मी लिहिलेलं तू कधीच वाचलं नाहीस. अर्ज इंग्रजीत असायचे. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचे आणि तू मांडीवर हात ठेवून ऐकायचीस, मधेच "हे खोटं हाय" म्हणायचीस. आजही तसंच ऐक. फक्त मधे बोलायची सोय नाही, म्हणून मला आज सगळं सांगता येणार आहे.

खंडाळ्याहून मी सांगलीला आले ती सहा महिन्यांसाठी. समाजकार्याची पदवी, 'प्रकल्प समन्वयक' असं भारदस्त नाव, आणि माधवनगरात जुन्या मागाच्या शेडमध्ये कार्यशाळा. माग कधीच गेले होते, फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते. अठरा जण होते. बौद्धिक अक्षमतेचा दाखला असलेले, शाळेचं वय उलटलेले, घरात कोपऱ्यात बसून राहिलेले. एकाच्या दाढीत पांढरं दिसत होतं, तरी तुझ्यासाठी ती सगळी 'पोरं'. तू संस्थेची अध्यक्ष आहेस हे मला पहिल्या दिवशी दुपारी कळलं. सकाळपासून मी तुला झाडलोट करणारी बाई समजत होते. तू सुनीला पुढं ओढून म्हणालीस, "ही माझी पोरगी. लय बोलत न्हाई, पर तुज्यापरीस जास्त काम करती." ते पुढं खरंच निघालं.

पहिलं वर्षभर मी तुला अहोजाहो करत होते. एक दिवस तू वैतागलीस, "आगं, आईला कोन आवं-जावं करतंय?" त्या दिवसापासून तू 'तू' झालीस. माझी आई तेव्हा जाऊन चारच महिने झाले होते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुला कुठून कळलं, ते विचारायचं राहून गेलं.

ती गोलांची फळी तुझीच. दहा पाकिटं झाली की खोक्यात भरायची, इतकं साधं काम, पण दहापर्यंत मोजणं पोरांपैकी कुणालाच धड जमत नव्हतं. विशेष शिक्षिकेनं दोन महिने मणी, काड्या, आकड्यांची कार्डं सगळं करून पाहिलं. पोरं रडकुंडीला आली, ती बाईही आली. मग तू एक फळी घेतलीस, हातातली काचेची बांगडी उतरवलीस, ती फळीवर ठेवून पेन्सिल फिरवलीस आणि दहा गोल काढलेस. एका गोलात एक पाकीट. सगळे गोल भरले की खोक्यात. सुनीनं पहिल्या दिवशी अकरा खोकी भरली. दर खेपेला शेवटचा गोल भरला की दोन्ही हात वर करून ओरडायची, "भरलं!" तिच्याकडं शब्द मोजकेच, त्यातला हा सगळ्यांत आवडता.

नवरा गेल्यावर लोकांनी तुझ्या बांगड्या फोडल्या होत्या आणि वर्षाच्या आत तू स्वतः बाजारात जाऊन परत भरल्या होत्यास, हे मला तुझ्या गल्लीतल्या हौसावैनींनी सांगितलं. त्याच त्या हिरव्या बांगड्या.

निधी देणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला आले तेव्हा मी सगळ्यांना इस्त्रीचे कपडे घालून स्वागतगीत बसवलं होतं. गाणं सुरू व्हायच्या आत तू साहेबांना फळीसमोर बसवलंस. "बसा, करून बघा." साहेब हसत बसले. गप्पांच्या नादात त्यांनी एका गोलात दोन पाकिटं ठेवली. सुनीनं त्यांच्या हातावर चापट मारून वरचं पाकीट काढून घेतलं. मला वाटलं, झालं, यंदाचा निधी बुडाला. साहेबांनी मात्र हात जोडून तिची माफी मागितली आणि त्या वर्षी मागितलं होतं तेवढं सगळं मंजूर झालं. तू आठ दिवस मला चिडवत होतीस, "तुजं गानं ऱ्हायलं की गं!"

पण आपली खरी भांडणं अर्जावरून. फॉर्ममध्ये एक रकाना असायचा, लाभार्थींच्या अडचणींचा. मी लिहायचे : स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, व्यवहार कळत नाही, एकटीनं प्रवास करू शकत नाही, आयुष्यभर परावलंबी. तू ऐकून घ्यायचीस आणि विचारायचीस, "ह्यात माजी सुनी कुटं हाय?"

"आक्का, हीच सुनी."

"तिला भाकरी येतीय. ते लिव की."

"भाकरी येते म्हटलं की पैसे येत नाहीत."

"मग असं कर. भाकरी गोल येत न्हाई म्हनून लिव."

मी हसायचे आणि लिहायचं तेच लिहायचे. ते वाद संपले नाहीत. आता वाटतं, एखाद्या वर्षी लिहून बघायला हवं होतं. सुनीताला भाकरी येते, एवढंच एक वाक्य. निदान कुणीतरी ते वाचलं असतं.

त्याच फॉर्मच्या शेवटी अजून एक प्रश्न असतो. निधी संपल्यानंतर प्रकल्प कसा चालू राहील? सगळे अर्जदार तिथं एकच उत्तर देतात, मीही दर वर्षी देत आले : स्थानिक समाजाच्या सहभागातून. पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे काय गं?"

मी घड्याळाकडं बघत म्हणाले, "म्हणजे आपली माणसं बघतील."

"असं व्हय," तू म्हणालीस. पदर झटकून उठलीस. मला वाटलं, कंटाळलीस.

तुझा प्रश्न दुसराच होता. माझ्या माघारी सुनीचं काय? तो तू कुठल्या रकान्यात घालणार? म्हणून तू शेडवर खोल्या मागितल्यास. चार. ज्यांचे आईबाप जातील त्यांनी तिथंच राहायचं, त्याच गल्लीत, त्याच फळीसमोर, लांब कुठं जायचं नाही. गवंड्याकडून नकाशा काढून आणलास. वहीच्या कागदावर, चार चौकोन आणि एक जिना. ते अर्जाचं सातवं पान. पहिल्या वर्षी उत्तर आलं, निवासी प्रकल्पांना आम्ही निधी देत नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या संस्थेचं तसंच. तिसऱ्या वर्षी उत्तरच आलं नाही, आणि आपली गाडी, शिक्षिका, फिजिओथेरपी सगळंच अडकलं.

आता ते सांगते, जे दोन वर्षं सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी मी नकाशाचं पान काढून टाकलं. साहेबांनी फोनवर सुचवलं होतं, ते पान नसेल तर बाकीचं नक्की होईल. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तुला सांगितलं असतं तर तू हट्ट धरला असतास, म्हणून सांगितलं नाही. पानांना नवे नंबर घातले आणि सह्यांसाठी गठ्ठा तुझ्यापुढं ठेवला. प्रत्येक पानाच्या खाली अध्यक्षांची सही लागते. तू जीभ दातात धरून एकेक 'मालन' काढत होतीस. शेवटच्या पानावर थांबलीस, गठ्ठा परत पहिल्यापासून चाळलास, आणि मग ती सही केलीस. मी सुटकेचा श्वास सोडला. इंग्रजी तर तुला वाचता येत नव्हतं.

मी किती मूर्ख, आक्का! अख्ख्या अर्जात तुला वाचता येणारं एकच पान होतं, ते चित्राचं. आणि त्याच पानावर तुझी सही झाली नव्हती.

निधी मंजूर झाला. तू पेढे वाटलेस. मला पेढा देताना विचारलंस, "खिडकी कुटल्या अंगाला घ्यायची गं, खोलीची?" मी म्हणाले, "बघू." पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलंस, नळाशी हात धूत, माझ्याकडं न बघता. मी पुन्हा म्हणाले, "बघू, आक्का." त्यानंतर तू खोल्यांचं नावही काढलं नाहीस. तू मला दोनदा संधी दिली होतीस. मी दोन्ही वेळा ती घालवली, आणि तू विसरलीस असं समजून बरं वाटून घेतलं. याची मला आज लाज वाटते.

त्याच सुमाराला दर शनिवारी सुनी हौसावैनींकडं, नाहीतर शमीमभाभींकडं मुक्कामाला जायला लागली. हौसावैनींचा दीपक आणि भाभींचा अस्लम, दोघंही आपल्या कार्यशाळेतले. कधी त्यांची पोरं तुझ्याकडं, कधी तुझी त्यांच्याकडं. मला वाटलं, बायका एकमेकींना जरा उसंत देतात. मी थट्टाही केली, "आक्का, शनिवारी सिनेमाला जातेस की काय?" तू म्हणालीस, "जातो की. तू बी ये." सुरुवातीला सुनी तिथं रडायची, उलट्या करायची, हे मला आता कळतंय. चार महिने लागले म्हणे तिला. पहिले काही शनिवार तू हौसावैनींच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसून राहायचीस, आत न जाता. तिचं रडणं ऐकत.

एका रविवारी तू सुनीला घेऊन सांगलीत माझ्या घरी आलीस. "हिला गाव दाखवायला आनलंय." मी आत शिरा करत होते. तू पेन्सिल मागितलीस, मी दिली, कशाला ते विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर बघते तर दाराजवळच्या खुंटीभोवती भिंतीवर एक गोल. मला वाटलं, सुनीनं काढला. मी फोन करून बोलले तुला. भाड्याचं घर आहे, मालक ओरडेल, जरा लक्ष ठेवायचंस. तू हसलीस. म्हणालीस, "पुसू नगंस. ऱ्हाऊ दे."

मी पुसला नाही. त्याच्यावर कॅलेंडर टांगलं.

महिन्याभरानं तुम्ही पुन्हा आलात. तेव्हा सुनी दारातून आत आली, भिंतीशी गेली आणि तिथंच थांबली. चहा झाला, पोहे झाले, ती पिशवी खांद्याला लावून उभीच. मी म्हणाले, "लाजतेय वाटतं." तू कॅलेंडरकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय, लाजती." चहा अर्धाच पिऊन उठलीस. "हिला परत कवातरी आनीन," म्हणालीस. परत आणलं नाहीस.

तू गेलीस त्या संध्याकाळी हौसावैनी सुनीला घरी घेऊन गेल्या. मी मागून गेले, ती घर डोक्यावर घेईल या भीतीनं. सुनीनं दारातून आत जाऊन पिशवी खिळ्याला अडकवली, उशी काढली आणि दीपकशेजारी पाटावर जेवायला बसली. मधेच एकदा "आई?" म्हणाली. वैनींनी तिच्या पानात भात वाढला. त्या खिळ्याभोवतीचा गोल तेव्हा मला दिसला नाही. डोळे पाण्यानं भरलेले होते.

तर परवा. तुझा भाऊ कपडे भरा म्हणतोय, आणि हौसावैनी आल्या. मागोमाग शमीमभाभी, गुडघ्यावर हात ठेवत. वैनी म्हणाल्या, "कापडं कशाला भरायची? तिला तिची जागा हाय."

"कुटं?"

"माज्या घरात हाय. भाभीच्या घरात हाय. चला, दावते."

दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर. वैनींच्या भिंतीवर खिळा आणि त्याभोवती गोल. भाभींच्या दाराआड हुक आणि त्याभोवती गोल. सुनीच्या खांद्याच्या उंचीवर, बांगडीएवढे. "आक्कांनी काढले," भाभी म्हणाल्या. "जिथं गोल, तिथं सुनीचं घर. तिला एवढं समजतं. दोन वर्षं झाली, भाऊ. तुमाला आज कळलं."

तुझा भाऊ चिडला. "आज हितं, उद्या तितं, ही काय फिरती गाडी हाय? दोन घरात आसं किती दिस चालनार?"

"तीन," हौसावैनी म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "तिसरा गोल हिच्या भिंतीवर हाय. आक्का म्हनली हुती, ती बाई जरा येळ लावंल, पर हाय."

तुझा भाऊ माझ्याकडं वळला. "व्हय का, बाई?"

माझ्या डोळ्यांपुढं ते कॅलेंडर आलं. ती पिशवी खांद्याला लावून उभी राहिलेली सुनी आली. तुझा अर्धा चहा आला. आक्का, त्या क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी एकटी राहते, मला सवय नाही, माझं घर लहान आहे, हे सगळं अगदी जिभेवर होतं. आणि मी म्हणाले, "व्हय."

त्यानं दारात चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "दिवाळीपतूर बघतो. न्हाई जमलं तर न्हेनार. माझी बी भाचीच हाय ती." रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना सुनीनं दिलेलं पाकीट मात्र त्यानं खिशात घातलं होतं.

स्थानिक समाजाच्या सहभागातून. अकरा वर्षं मी हे वाक्य लिहीत आले, एकदाही त्यावर विश्वास न ठेवता. ज्या बाईला ते वाचता येत नव्हतं, तिनं ते खरं मानलं आणि घरोघर जाऊन करून ठेवलं.

पण तुझ्यावर रागही आहे माझा. तू मला धरून विचारायला हवं होतंस. पान कुठं गेलं, म्हणून चारचौघांत ओरडायला हवं होतंस. मला इतकं स्वस्तात सोडायला नको होतंस. आणि गोल काढून प्रश्न सुटत नाही, आक्का. वैनी साठीच्या पुढं गेल्या, भाभींना जिना चढवत नाही, मी पन्नाशीला टेकलेय. आम्हीही जाणार. खोल्या लागणारच आहेत. यंदाच्या अर्जात नकाशा मी पहिल्या पानावर लावलाय. सुनीताला भाकरी येते, हेही लिहिलंय. आणि शेवटच्या प्रश्नाखाली तीन बायकांची नावं घातली आहेत. साहेबांचा फोन येईल, पान काढा म्हणून. या खेपेला मी त्यांना फळीसमोर बसवणार आहे.

तुझा आजार तू कधीपासून लपवत होतीस, ते मला अजून कळलेलं नाही. मिरजेला दाखवायला जायचीस तेव्हा नातेवाइकाकडं जाते सांगायचीस. म्हणजे तूही माझ्यापासून एक पान काढून ठेवलं होतंसच. ते आठवलं की रडू येतं आणि थोडं बरंही वाटतं.

काल शनिवार होता. संध्याकाळी भाभींचा मोठा मुलगा सुनीला रिक्षातून सोडून गेला. सकाळपासून मी घर आवरत होते, नवी चादर घातली, शिरा केला, पाव्हणी यायची असल्यासारखा. आणि या गडबडीत ते कॅलेंडर काढायचं तेवढं विसरले. खरंच विसरले, आक्का.

सुनी आत आली. पिशवी खांद्याला, उशी काखेत. भिंतीपाशी गेली, थांबली. मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी, आणि माझ्या लक्षात आलं, तसं पाऊल पुढं टाकलं. पण तिनं माझी वाट पाहिली नाही. कॅलेंडर खुंटीवरून काढलं, नीट माझ्या हातात दिलं. पेन्सिलीचा गोल जरा फिकट झाला होता. तिनं त्यावरून एकदा बोट फिरवलं, पूर्ण गोल, आणि पिशवी अडकवली.

मग दोन्ही हात वर करून म्हणाली, "भरलं!"